दादर एकच स्टेशन आहे, तसंच चालवा

९ डिसेंबर २०२३ रोजी दादर स्टेशनवर रूळ हलला नाही, पूल पाडला नाही, फक्त प्लॅटफॉर्मचे नंबर बदलले. पश्चिम रेल्वेचे एक ते सात तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचा एक नंबर आठ झाला, तिथून ओळीने चौदापर्यंत. त्याआधी दादरला एक नंबरही दोन होते आणि चार नंबरही दोन. ‘चार नंबरवर थांबतो’ म्हणणाऱ्याला ‘सेंट्रलच्या की वेस्टर्नच्या?’ हा प्रश्न ठरलेला असे. गावाहून आलेला पाहुणा तर हमखास भलत्याच फलाटावर उभा राहायचा.

मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वे एकाच दिवशी, ५ नोव्हेंबर १९५१ ला अस्तित्वात आल्या. त्यापूर्वी जीआयपी आणि बीबीसीआय या दोन वेगळ्या कंपन्या होत्या, त्यांचे फलाट वेगळे, त्यांचे नंबरही वेगळे. ते समजण्यासारखं होतं. पण कंपन्या गेल्या, दोन्हीकडे मालक एकच सरकार झालं, आणि तरीही आकडे सरळ ओळीत लावायला ७२ वर्षं लागली. मागणी जुनी होती, खर्च किरकोळ होता. आड आली ती एवढीच गोष्ट की हे काम नक्की कोणाचं, हे ठरलेलं नव्हतं.

दादरची आज राहिलेली बहुतेक कामं अशीच आहेत. एका गाडीतून उतरून दुसरी पकडणारा प्रवासी ज्या जागेतून जातो, ती जागा पूर्णपणे कोणाच्याच ताब्यात नाही. अर्धी या रेल्वेची, अर्धी त्या रेल्वेची, पुढे महापालिकेची, आणि आता मेट्रोचीही. माझं म्हणणं सरळ आहे: गाड्या ज्याच्या त्याने चालवाव्यात, पण फलाटाच्या कडेपासून बाहेरच्या रस्त्यापर्यंत दादरची जबाबदारी एका अधिकाऱ्याकडे द्यावी. का, ते मुद्द्यांनी मांडतो.

मुद्दा १. तिकीट आधीपासून एकच आहे

ठाण्याहून बोरिवलीला जाणारा माणूस एकच तिकीट काढतो. त्यावर ‘व्हाया दादर’ असं असतं. पासही तसाच निघतो. पैसे घेताना दोन्ही रेल्वे एक असतात, आपापसांतली वाटणी त्या मागाहून करतात आणि प्रवाशाला त्याची झळ लागत नाही. हे चांगलंच आहे. पण मग त्या तिकिटात मधला पूल, जिना, दुसऱ्या फलाटापर्यंतची वाट हेही आलंच. ठाणे ते दादर आणि दादर ते बोरिवली यांच्यामधली ती सात-आठ मिनिटं प्रवासाचाच भाग आहेत, आणि प्रवाशाने त्यांचेही पैसे भरले आहेत. तक्रार करायची वेळ आली की मात्र आधी ‘कुठल्या बाजूला झालं?’ असं विचारलं जातं. तिकीट देताना जो प्रश्न विचारला नाही, तो तक्रार घेताना विचारण्याचा अधिकार रेल्वेला नाही.

मुद्दा २. गाडी बदलणारा मोजलाच जात नाही

हा मुद्दा रुक्ष वाटेल, पण बाकीच्या बऱ्याच गोष्टींचं मूळ इथे आहे. रेल्वे आपल्या स्थानकांची वर्गवारी प्रामुख्याने दोन गोष्टींवरून करते: स्थानकाचं उत्पन्न आणि तिथून तिकीट काढून निघालेले प्रवासी. कोणत्या स्थानकाला किती सोयी मिळायच्या, हे बरंचसं या वर्गवारीवर ठरतं. आता डोंबिवलीहून अंधेरीला जाणारी बाई घ्या. तिचा पास डोंबिवलीचा. ती डोंबिवलीच्या हिशेबात धरली जाते. दादरला ती सकाळी उतरते, पूल चढते, पूल उतरते, संध्याकाळी पुन्हा तेच करते. तिने दादरच्या पायऱ्या झिजवल्या, दादरची हवा कोंडली, दादरचं स्वच्छतागृह वापरलं, पण दादरच्या हिशेबात ती नाही.

दादर मुळातच मोठ्या वर्गात बसतं, त्यामुळे वर्गवारीने त्याचं फारसं बिघडत नाही असं कोणी म्हणेल. बिघडतं ते पुढे. पूल किती रुंद हवा, जिने कुठे हवेत, लिफ्टची क्षमता किती, सफाई दिवसातून किती वेळा, हे ठरवताना हाताशी असलेला पक्का आकडा तिकीटविक्रीचा असतो. पुलावरून कोणत्या वेळी किती माणसं कोणत्या दिशेने गेली, याची रोजची नोंद हवी. स्टेशनवर कॅमेरे आहेत. त्यांच्यावरून गर्दी मोजण्याचं तंत्र आता नवं राहिलेलं नाही. दोन्ही रेल्वेंनी मिळून दादरचा ‘गाडी बदलणाऱ्यांचा’ आकडा दर महिन्याला जाहीर करावा. आकडा लोकांसमोर आला की पुलांचा प्रश्न आपोआप वरच्या टेबलावर जातो. कुर्ला, ठाणे, अंधेरी, घाटकोपर या स्टेशनांनाही हेच लागू आहे.

मुद्दा ३. पूल हेच दादरचं खरं स्टेशन

पश्चिम रेल्वेचे फलाट पश्चिमेला, मध्यचे पूर्वेला, आणि सगळ्यांना जोडणारे पूल. या पुलांवर एका वेळी तीन तऱ्हेची माणसं असतात. गाडी बदलणारे, स्टेशनातून बाहेर पडणारे किंवा आत येणारे, आणि ज्यांना गाडीशी काही देणंघेणं नाही, फक्त पूर्वेकडून पश्चिमेला जायचंय असे. तिसऱ्यांना दोष देता येत नाही. स्वामीनारायण मंदिराच्या बाजूला राहणाऱ्याला रानडे रोडला भाजी आणायला जायचं तर टिळक पुलाचा वळसा घालण्यापेक्षा स्टेशनचा पूल जवळचा. शहरानेच त्याला दुसरी सोयीची वाट दिलेली नाही.

संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला मधल्या पुलावर जिन्याच्या तोंडाशी नीट उभं राहून पाहावं. खालून गर्दीबरोबर वर आलेला माणूस शेवटच्या पायरीवर पाय ठेवतो आणि मान वर करतो. त्याला इंडिकेटर बघायचा असतो. कल्याण फास्ट कितव्या नंबरवर लागतेय, की आधी ठाणे स्लो मिळेल? हे त्याला खाली फलाटावर कळलं नव्हतं, कारण पश्चिमेच्या फलाटावरचा इंडिकेटर पश्चिमेच्याच गाड्या सांगतो. म्हणून तो पायरीवर दोन क्षण थांबतो. मागची मुलगी त्याच्या पाठीवर येऊन थांबते, तिच्यामागचे डबेवाले काका डोक्यावरचा भार सावरत थांबतात, आणि त्यांच्यामागे जिना भरत जातो, कारण तेवढ्यात खाली आणखी एक लोकल रिकामी झालेली असते. याच क्षणी उद्घोषणा झाली की गाडी या नव्हे त्या फलाटावर येतेय, तर निम्मा जिना उतरलेली माणसं उलटी फिरतात. चढणारे आणि उलटे फिरलेले एकाच पायरीवर समोरासमोर येतात. पाऊस असेल तर पायरी निसरडी असते, आणि पुलाबाहेर पडू पाहणारे छत्री उघडण्यासाठी नेमके तोंडाशीच अडतात.

यातून काय होऊ शकतं ते आपण पाहिलं आहे. २९ सप्टेंबर २०१७, सकाळची वेळ, दसऱ्याचा आदला दिवस. एल्फिन्स्टन रोड आणि परळ यांना जोडणाऱ्या पुलावर पाऊस आला म्हणून लोक जिन्यावर थांबले. मागून गाड्यांची माणसं येतच राहिली. २३ जीव गेले. तो पूल पश्चिम रेल्वेच्या स्टेशनला मध्य रेल्वेच्या स्टेशनशी जोडत होता, हे विसरता कामा नये. नव्या रुंद पुलाची मागणी तोवर कितीदा झाली होती, मंजुरीही झाली होती, काम सुरू व्हायचं होतं. दुर्घटनेनंतर लष्कराला बोलावलं, आणि एल्फिन्स्टन, करी रोड आणि आंबिवली इथले पूल फेब्रुवारी २०१८ मध्ये खुले झाले. मंजुरीनंतर जे काम सुरूही झालं नव्हतं, ते जीव गेल्यावर पाच महिन्यांत उभं राहिलं. इच्छा आणि एकहाती जबाबदारी असली की काय होतं, याचा तो पुरावा आहे. तो मिळायला नको होता अशा रीतीने मिळाला.

दादरला आज काय करता येईल? पहिलं म्हणजे प्रत्येक फलाटावर, जिन्याच्या पायथ्याशी, दोन्ही रेल्वेंच्या पुढच्या गाड्या दाखवणारे इंडिकेटर लावा. माणसाला खालीच कळलं की तो वर थांबणार नाही. दुसरं, गर्दीच्या वेळी शेवटच्या क्षणी फलाट बदलू नका; बदलावाच लागला तर गाडी थांबवून ठेवा, माणसं पळवू नका. तिसरं, जिन्यांवर चढण्या-उतरण्याच्या बाजू नुसत्या पिवळ्या पट्ट्यांनी न आखता मध्ये कठडा घाला. चौथं, केवळ पूर्व-पश्चिम ओलांडणाऱ्यांसाठी स्टेशनच्या पुलांपासून वेगळी, छप्पर असलेली वाट द्या. हे चौथं काम खर्चाचं आहे आणि त्यात महापालिकेचा पैसा लागेल. पहिली तीन तशी नाहीत.

मुद्दा ४. एका बाजूला मेगाब्लॉक, दुसऱ्या बाजूला जम्बोब्लॉक

रविवारी मध्य रेल्वे मेगाब्लॉक घेते, पश्चिम रेल्वे जम्बोब्लॉक. घ्यायलाच हवेत, रूळ, सिग्नल, ओव्हरहेड वायर यांची देखभाल झाली नाही तर सोमवारी त्याहून मोठा घोटाळा होईल. मला त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न आहे तो माहितीचा. रविवारी लग्नाला, दवाखान्यात, परीक्षेला निघालेलं कुटुंब दादरला उतरतं तेव्हा त्याला दुसऱ्या बाजूची स्थिती पूल ओलांडून फलाटावर गेल्यावरच कळते. एका रेल्वेच्या कर्ण्यावरून दुसऱ्या रेल्वेच्या ब्लॉकची उद्घोषणा करायला कोणता नियम आड येतो?

पावसाळ्यात हे अधिकच टोचतं. कुर्ला-सायनला पाणी भरलं की मध्य रेल्वे अडते, आणि दादरला उतरलेले हजारो लोक पुढे काय करायचं ते ठरवू शकत नाहीत. त्यांना मराठी, हिंदी आणि इंग्रजीत स्पष्ट सांगितलं पाहिजे की कोणत्या गाड्या बंद आहेत, कुठपर्यंत चालू आहेत, बेस्टच्या जादा बस कुठून सुटतायत. मोबाइलवर बातमी येते हे खरं, पण गर्दीत अंग चोरून उभ्या असलेल्या माणसाला मोबाइल काढणंही जमत नाही.

मुद्दा ५. लिफ्टची साखळी तुटू नये

डोंबिवलीहून मालाडला लेकीकडे निघालेल्या आजीबाई घ्या. गुडघ्यांचं दुखणं आहे, हातात डब्याची पिशवी आहे. दादरला मध्यच्या फलाटावरून लिफ्टने वर गेल्या. पूल चालल्या. आता पश्चिमेच्या ज्या फलाटावर उतरायचं, तिथली लिफ्ट त्या दिवशी बंद असेल, तर पहिल्या लिफ्टचा त्यांना उपयोग शून्य. उलट त्या अधिक अडकल्या, कारण आता त्या वर आहेत आणि समोर गच्च भरलेला जिना आहे. गाडी बदलण्याच्या स्टेशनवर लिफ्ट सुटी मोजायची नसते. आठ लिफ्ट चालू आणि एक बंद, हा हिशेब कागदावर चांगला दिसतो. ती एक जर वाटेतली असेल तर पूर्ण वाट बंद असते.

म्हणून मागणी अशी: दोन्ही रेल्वेंच्या लिफ्ट आणि सरकत्या जिन्यांची देखभाल दादरपुरती एकाच कंत्राटात आणा. एखादी बंद असेल तर खालीच पाटी हवी, आणि पाटीवर तीन गोष्टी हव्यात: कधीपासून बंद, कधी सुरू होणार, आणि तोवर जवळची चालू लिफ्ट कुठे. दिव्यांगांचा डबा ज्या जागी थांबतो, तिथपासून लिफ्टपर्यंत फलाटावर अडथळा नसावा. अंध प्रवाशांच्या पावलांना कळणाऱ्या उंचवट्याच्या फरशा पुलावर येऊन संपून चालणार नाही. त्या या फलाटापासून त्या फलाटापर्यंत सलग गेल्या पाहिजेत.

डोक्यावर भार घेऊन चालणाऱ्यांचंही यात यायला हवं. डबेवाले, फुलांच्या पाट्या घेऊन निघालेल्या बायका, मासळीच्या टोपल्या घेऊन मालडब्यात चढणाऱ्या कोळिणी, ही सगळी याच शहराला जेवू घालणारी, सजवणारी माणसं आहेत. त्यांना लिफ्टमधून हटकणं सोपं असतं. भाराला परवानगी असलेली एक लिफ्ट, निदान पहाटे आणि सकाळी, त्यांच्यासाठी ठेवायला काय हरकत आहे?

मुद्दा ६. स्वच्छतागृह

थोडक्यात सांगतो. विरारपासून कल्याणपलीकडे रोज जाणाऱ्या बाईचा प्रवास दोन तासांच्या वर जातो. मध्ये थांबण्याची एकच जागा असते, ती दादर. ते स्वच्छतागृह स्वच्छ, उजेडाचं, आतून कडी लागणारं, पाणी असलेलं आणि शेवटची लोकल जाईपर्यंत उघडं असलं पाहिजे. ‘राइट टू पी’ चळवळीतल्या बायकांनी २०११ पासून या शहराला हे सांगितलं आहे. कित्येक बायका प्रवासाच्या आधी पाणीच पीत नाहीत. मे महिन्यात, त्या डब्यात, हे शरीरावर काय करतं ते कोणत्याही डॉक्टरला विचारा. दोन्ही बाजूंची स्वच्छतागृहं एका देखरेखीखाली आणा, आणि बायकांना विचारून त्यांच्या जागा ठरवा.

मुद्दा ७. अपघात झाल्यावर कोणत्या बाजूला न्यायचं?

मुंबईच्या लोकलमार्गांवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसं मरतात. रूळ ओलांडताना, डब्यातून पडून, फटीत सापडून. जखमी झालेल्याला पहिला तास मिळाला तर तो वाचू शकतो. दादरहून परळचं केईएम जवळ, सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय जवळ. देशातल्या मोजक्या स्टेशनांच्या इतक्या जवळ एवढी मोठी सार्वजनिक रुग्णालयं असतील. तरीही जखमीला स्ट्रेचरवरून कोणत्या जिन्याने, कोणत्या दाराने, कोणत्या रस्त्यावर उभ्या असलेल्या रुग्णवाहिकेपर्यंत न्यायचं, हे आधी ठरलेलं नसेल तर ते अंतर लांबच आहे. फलाट चौदा, बाहेर पडण्याच्या वाटा कितीतरी, आणि पूर्वेच्या रुग्णवाहिकेला पश्चिमेला यायचं तर टिळक पुलावरच्या वाहतुकीतून यावं लागणार.

प्रत्येक फलाटासाठी एक ठरलेली वाट, त्या वाटेवर एक ठरलेलं दार, त्या दाराशी फेरीवाला नाही, टॅक्सी नाही, दुचाकी नाही. ही वाट कोण रिकामी ठेवणार, हे नाव लिहून ठरवा. मध्य रेल्वेच्या स्टेशनांवर २०१७ पासून ‘एक रुपया क्लिनिक’ सुरू झाली, त्यांनी पुष्कळांना वेळेवर हात दिला. दादरला अशी सेवा चोवीस तास, दोन्ही बाजूंना पोहोचेल अशी हवी.

मुद्दा ८. बाहेरचं दादर

स्टेशनचं दार ओलांडलं की महापालिका सुरू होते, आणि तीही दोन वॉर्डांत वाटलेली. पश्चिमेचं दादर जी-उत्तरमध्ये, पूर्वेचं एफच्या बाजूला. म्हणजे रुळांनी रेल्वेच नव्हे तर महापालिकाही चिरली आहे. वाटणी झालेल्या वाड्यातल्या सामाईक विहिरीसारखं हे आहे: पाणी सगळे भरतात, गाळ काढायला कोणी उतरत नाही.

फेरीवाल्यांवर माझा राग नाही, हे स्पष्ट सांगतो. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये स्टेशनपासून दीडशे मीटरपर्यंत फेरीवाल्यांना मनाई केली. कारण उघड होतं, एल्फिन्स्टन ताजं होतं. पण दादरचा फूलबाजार, पश्चिमेचा भाजीबाजार, सणाच्या आदल्या दिवशीचा झेंडू, तोरणं, केळीचे खांब, हे सगळं आपल्यालाच हवं असतं. घरी जाताना गाडीतून उतरून जुडी घेणारे आपणच. नुसती पळापळ करवून काही साधत नाही. गाडी आली की सामान उचलायचं आणि गेली की पुन्हा मांडायचं, यात हप्त्याचंच भलं होतं. जागा आखून द्या, परवाने द्या, आणि जिन्याच्या तोंडाची जागा कोणालाही, कोणत्याही दिवशी देऊ नका. विक्रेत्यांच्या संघटना हे मान्य करतील, कारण जिन्याच्या तोंडाशी बसणाऱ्याचेही त्या गर्दीत हाल होतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा वाहनांचा पूल पाडण्यासाठी बंद झाला आणि त्याची वाहतूक टिळक पुलावर आली. त्याच टिळक पुलाला पर्यायी नवा पूल शेजारी उभा राहतो आहे. इतकी कामं एकाच वेळी चालू असताना स्टेशनाबाहेरच्या पादचाऱ्याला चालायला किती फूट उरतं, हे मोजायला कोणी फिरकत नाही. मोजा. पदपथ दोन माणसं शेजारून जातील इतका तरी मोकळा हवा.

मुद्दा ९. मेट्रोने तरी जुनी चूक करू नये

मे २०२५ मध्ये भुयारी मेट्रो तीन आचार्य अत्रे चौकापर्यंत आली आणि गोखले रोडखालचं दादर स्टेशन सुरू झालं. ऑक्टोबरमध्ये ती कफ परेडपर्यंत गेली. त्याच सुमाराला ‘मुंबई वन’ हे अॅप आलं, अकरा वाहतूक सेवांचं तिकीट एकत्र. स्वागत आहे. पण रेल्वेच्या दादरपासून मेट्रोच्या दादरपर्यंत माणूस चालतच जातो, आणि ती वाट बाजाराच्या गर्दीतून, वळणावळणाने जाते. उन्हात सावली नाही, पावसात आडोसा नाही, रात्री उजेड पुरेसा नाही, आणि कोणत्या कोपऱ्यावर वळायचं हे सांगणाऱ्या पाट्या मोजक्याच. मोबाइलमध्ये तिकीट एक झालं, पण चालायची वाट आहे तशीच राहिली. दादरमध्ये आता तिसरा मालक आला आहे. पहिल्या दोघांची सांधेजोड होण्याआधीच तिसरा आला, म्हणून घाई अधिक.

मुद्दा १०. सहा डिसेंबरला जमतं

‘दोन रेल्वे, राज्याचे पोलीस, महापालिका, एवढ्या सगळ्यांना एकत्र आणणं अवघड’ असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मिळतं. महापरिनिर्वाण दिनाला बाबासाहेबांना अभिवादन करायला लाखो लोक चैत्यभूमीवर येतात. विदर्भातून, मराठवाड्यातून, देशभरातून. दादरला उतरतात. त्या दिवसांत जादा गाड्या सुटतात, रात्री विशेष लोकल धावतात, येण्याजाण्याच्या वाटा आखल्या जातात, मदतकक्ष उघडतात, पाणी आणि फिरती स्वच्छतागृहं येतात, आणि समता सैनिक दलाचे स्वयंसेवक हात जोडून लोकांना वाट दाखवत उभे राहतात. म्हाताऱ्या बायका, कडेवर पोरं घेतलेल्या आया त्या गर्दीतून शिस्तीने जातात आणि परततात. महिनाभर आधी बैठका होतात, कोणी काय करायचं ते ठरतं, म्हणून हे होतं.

मग रोजच्या संध्याकाळसाठी का नाही? रोजची गर्दी तर आणखी ओळखीची आहे. ती किती वाजता येते, कुठून येते, कुठे जाते, सगळं माहीत आहे. दसरा, दिवाळी, गणपतीच्या आदल्या दिवशी फूलबाजाराकडे किती लोंढा येतो, हेही माहीत आहे.

मुद्दा ११. आक्षेप, आणि मागणी

रेल्वेतले लोक म्हणतील, मध्य आणि पश्चिम यांचे सिग्नल वेगळे, नियंत्रण कक्ष वेगळे, माणसं वेगळी. बरोबर आहे. मी गाड्या एकत्र करायला सांगत नाही. दुसरा आक्षेप असा की माणसंच इतकी आहेत की कोणतीही व्यवस्था पुरणार नाही. यात तथ्य आहे. म्हणूनच २०१९ मध्ये परळ टर्मिनस झालं आणि ऑक्टोबर २०२४ च्या वेळापत्रकात दादरच्या काही लोकल परळहून सोडल्या गेल्या. भार वाटलाच पाहिजे. पण उरलेला भार वाहणारी जागा नीट हवी, हे त्याने खोटं ठरत नाही. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपरला फलाट आणि गाडी यांच्यातल्या फटीत पडून एका कॉलेजच्या मुलीचे दोन्ही हात गेले, त्यानंतर न्यायालयाच्या रेट्याने दोन्ही रेल्वेंनी आपापल्या फलाटांची उंची वाढवली. दोघांना एक काम करता येतं. ते करायला मुलीचे हात जावे लागू नयेत.

रेल्वे आणि राज्य सरकार यांची भागीदारी नवी नाही. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई रेल्वे विकास महामंडळात रेल्वेचे ५१ टक्के आणि राज्याचे ४९ टक्के आहेत. ते महामंडळ पूल, मार्गिका, स्थानकं बांधतं. बांधून झाल्यावर चालवणं पुन्हा वाटून जातं. मोठ्या स्थानकांवर स्टेशन डायरेक्टर नेमण्याची पद्धतही रेल्वेत आहे. दादरला असा एक संचालक द्या, ज्याचं नाव आणि फोन नंबर प्रत्येक पुलावर मोठ्या अक्षरांत असेल, आणि ज्याला दोन्ही रेल्वेंच्या फलाटांवर, पुलांवर आणि दारांशी सारखाच अधिकार असेल. महापालिका, बेस्ट, मेट्रो आणि रेल्वे पोलीस यांचा एकेक अधिकारी त्याच्याकडे आठवड्यातून एकदा यावा. वर्षभरानंतर काय झालं, काय राहिलं, हे छापून लोकांना द्यावं.

पावसाळ्याआधी करण्यासारखी कामं वर दिलीच आहेत: फलाटावर दोन्ही रेल्वेंचे इंडिकेटर, एकत्र उद्घोषणा, जिन्यांच्या मधले कठडे, बंद लिफ्टवर तारखेची पाटी, रुग्णवाहिकेची मोकळी वाट. पहिली बैठक मंत्रालयात किंवा चर्चगेटच्या वातानुकूलित खोलीत घेऊ नये. कामाच्या दिवशी, संध्याकाळी साडेसहाला, मधल्या पुलावर घ्यावी, आणि प्रवासी संघटनांच्या महिला प्रतिनिधींना तिथे आधी बोलू द्यावं.